बावन्नातून सत्तावीस

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे एकाच विषयावरची निघाली. एक इंदूरहून, एक बेळगावहून आणि एक आमच्याच गावातले, म्हणजे बडोद्याच्या दांडिया बाजारातले. तिन्ही पत्रे मातांची आहेत आणि तक्रारही एकच आहे : मूल बेरीज हसतखेळत करते, वजाबाकी म्हटली की तोंड फिरवते, लहान मुलांना वजाबाकी खेळातून शिकवता येईल काय? या भगिनींना आमच्याजवळ एखादा हुकमी उपाय असेल असे वाटलेले दिसते. तसा तो नाही. उलट या बाबतीत आम्ही स्वतः आमच्याच घरी जी चूक करून बसलो, ती आधी सांगितल्याखेरीज पुढचे काही सांगण्याचा आम्हाला अधिकार पोचत नाही, असे वाटते.

आमचा नातू दुसरीत आहे. शाळा इंग्रजी माध्यमाची, गल्ली गुजराती, घर मराठी. बडोद्यातील बहुतेक मराठी घरांतून आज हीच तऱ्हा आहे. दिवाळीची सुटी संपल्यावर एका संध्याकाळी त्याने गणिताच्या चाचणीचा कागद दप्तराच्या अगदी तळाशी, डब्याखाली दडपून ठेवलेला सापडला. कागदावर फुल्याच फुल्या. बावन्नातून सत्तावीस वजा करायचे होते, चिरंजीवांनी उत्तर लिहिले होते पस्तीस. एकसष्टातून अडतीस, उत्तर सदतीस. चाळिसातून सोळा; उत्तर छत्तीस. मात्र अठ्ठावन्नातून तेवीस हे उदाहरण बरोबर होते आणि त्याच्यासारखी आणखी दोन-तीनही.

आमची सारी नोकरी हिशेबखात्यात गेली. आकड्यांच्या बाबतीत आमच्या अंगी थोडा ताठा आहे हे आम्ही नाकारीत नाही. तो कागद पाहताच आम्ही निदान करून मोकळे झालो : पोराचे लक्ष नाही. लगेच पाटी काढली, त्याला समोर बसवले आणि बडोद्याच्या ज्या मराठी शाळेत आम्ही स्वतः शिकलो तिथली रीत त्याच्याकडून घोकून घेण्यास सुरुवात केली. "दोनातून सात जात नाहीत. म्हणून वर दहा मिळवले, झाले बारा. बारातून सात गेले, राहिले पाच. हातचा एक. खालचे दोन आणि हातचा एक मिळून तीन. पाचातून तीन गेले, राहिले दोन. उत्तर पंचवीस." चार दिवसांत त्याने ही ओळ पाठ केली. उत्तरे बरोबर येऊ लागली. आम्ही सौ.कडे विजयी मुद्रेने पाहिले.

पुढच्या आठवड्यात वही आली ती पुन्हा लाल होऊन. शाळेत रीत वेगळी होती. तिथे वरच्या पाचावर काट मारून चार लिहायचे, एक दशक सोडवून दोनाचे बारा करायचे आणि खालच्या आकड्याला हात लावायचा नाही. बाईंना ती काट हवी होती, ती याच्या वहीत कुठेच नव्हती. बाईंचा तरी काय दोष? चाळीस मुलांच्या वर्गात कोणाचे आजोबा काय शिकवतात हे त्यांनी कुठवर पाहावे! पण मुलाची अवस्था विचित्र झाली. त्याने दोघांनाही खूश करण्याचा मार्ग काढला. वरच्या पाचाचे चार केले, ते बाईंसाठी. खालच्या दोनाचे तीन केले, ते आजोबांसाठी. चारातून तीन गेले, राहिला एक. बावन्नातून सत्तावीस गेले, राहिले पंधरा.

त्यानंतर सोमवारी सकाळी त्याचे पोट दुखू लागले. गुरुवारीही दुखले. या दोन्ही वारी गणिताचा पहिला तास असतो, हे आमच्या ध्यानात यायला दोन आठवडे लागले. घरात आल्यागेल्यासमोर "आमचा हा गणितात जरा कच्चा आहे" असे आम्हीच एकदोनदा बोलून गेलो होतो, आणि तो ते ऐकत होता.

गुंता सोडवला तो आमच्या सूनबाईने. तिने एकही उदाहरण दुरुस्त केले नाही. तो पहिला कागद पुढे ठेवला आणि एवढेच विचारले, "बाळा, हे पस्तीस तू कसे काढलेस ते मला सांग ना. मला समजून घ्यायचे आहे." मुलगा थोडा वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "आजोबांनीच सांगितले होते, नेहमी मोठ्यातून लहान वजा करायचे. सात मोठे, दोन लहान. सातातून दोन गेले, पाच. पाचातून दोन गेले, तीन. पस्तीस."

आम्ही शेजारच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत होतो. वर्तमानपत्र खाली ठेवावे लागले. 'मोठ्यातून लहान' हे आम्हीच सांगितले होते, तो पहिलीत असताना, शंभर वेळा. त्याने ते इमानाने पाळले होते. एकम् स्थानी मोठ्यातून लहान, दशम् स्थानी मोठ्यातून लहान. लक्ष नसलेल्या मुलाची ती चूक नव्हती; सांगितलेले तंतोतंत ऐकणाऱ्या मुलाची होती. अमेरिकेतील जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या दोघा संशोधकांनी १९७८ साली शाळकरी मुलांच्या वजाबाकीतल्या चुकांचा बारकाईने अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातही हेच आढळते की पुष्कळशा चुका या धांदलीच्या नसून एखादी चुकीची रीत मुलाने काटेकोरपणे पाळल्याच्या असतात; आणि प्रत्येक स्थानी मोठ्यातून लहान वजा करणे ही त्यांतली प्रसिद्ध चूक आहे. तेव्हा वाचक-भगिनींना पहिली विनंती हीच, की चुकलेल्या उत्तरावर फुली मारण्याआधी ते कसे आले एवढे मुलाला विचारावे. आणि विचारताना आवाज खरोखरच जाणून घेणाऱ्याचा असावा. मुलांना फरक लगेच कळतो.

पाटी मग आम्ही माळ्यावर ठेवून दिली. सूनबाईच्या हुकुमावरून दोन अंकी वजाबाकीही बंद झाली आणि दहाच्या आतल्या खेळांपासून पुन्हा आरंभ झाला. एका परीने हे आमच्या मातीला धरूनच होते. सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात आणि १९०६ पासून साऱ्या बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, याचा बडोदेकरांना अभिमान असतो. पण त्याच सौराष्ट्रात, भावनगरला, १९२० साली गिजुभाई बधेका यांनी दक्षिणामूर्ती बालमंदिर काढले, आणि ताराबाई मोडक ही मराठी बाई तिथे जाऊन त्यांच्या कामात सामील झाली, ही गोष्ट आपण क्वचित आठवतो. धाक नाही, मारणे नाही, वस्तू मुलाच्या हातात द्यायच्या आणि त्याला करू द्यायचे, हा तो विचार. पुढे बोर्डीला व कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी बिया, खडे, पाने, शिंपले अशा फुकटच्या वस्तूंवर बालवाड्या चालवल्या. आमच्या घरी चिंचोके होते.

पहिला खेळ वाटीचा. पाच चिंचोके मुलासमोर मोजून ठेवायचे, त्याला डोळे मिटायला सांगायचे, आणि दोनतीन चिंचोके वाटीखाली दडवायचे. "वाटीखाली किती?" एवढाच प्रश्न. बाहेरचे तीन पाहून आतले दोन ओळखायचे, मग वाटी उचलून पडताळा घ्यायचा. पाच मुरले की सहा, मग सात, असे दहापर्यंत जायचे. दडवण्याची पाळी मुलालाही द्यावी, आणि मोठ्यांनी अधूनमधून मुद्दाम चुकावे. आजोबांना चूक दाखवण्यात जो आनंद आहे तो पेढ्यात नाही! या खेळात वजाबाकी हा शब्द कुठेच येत नाही, परंतु आठ म्हणजे पाच आणि तीन, सहा आणि दोन, सात आणि एक, ही आठाची घडण बोटांत उतरते. ज्याला दहाची घडण ठाऊक नाही त्याला 'बारातून सात' हे नेहमीच डोंगराएवढे वाटणार.

दुसरा खेळ जिन्याचा. आमच्या इमारतीच्या जिन्याला एका टप्प्यात बारा पायऱ्या आहेत. खडूने त्यांवर आकडे घातले. नवव्या पायरीवर उभे राहा, तीन पायऱ्या खाली उतरा, कुठे आलास? बोटांवर मोजताना आमचा नातू 'नऊ, आठ, सात' असे तीन आकडे म्हणून सातावर थांबत असे. उभा असलेला आकडाच तो पहिला म्हणून मोजत होता. ही चूक तोंडाने समजावून सांगता सांगता आमच्या नाकी नऊ आले होते. जिन्यावर ती एका संध्याकाळी गेली. उतरल्याशिवाय 'एक' म्हणता येत नाही, हे पायांना कळते. सापशिडीचा पटही आम्ही उलटा खेळू लागलो : शंभरावरून निघायचे आणि एकाला पोचायचे, सोंगट्या मागे न्यायच्या, सापाच्या शेपटीवर आलो तर तोंडापर्यंत चढायचे. हा शेवटचा नियम नातवाने केला. तो बरोबर की चूक याचा निकाल अजून लागलेला नाही.

आता थोडे शब्दांविषयी, कारण खरी मेख तिथे आहे असे आम्हाला वाटू लागले आहे. शाळेत वजाबाकीला 'टेक अवे' म्हणतात. आपणही घरी 'इतके काढून घेतले, किती उरले' असेच विचारतो. शेजारच्या पाच वर्षांच्या मुलीला आम्ही मोठ्या कौतुकाने विचारले, "तुझ्याजवळ पाच पेढे आहेत. दोन मला दिलेस. किती उरले?" ती म्हणाली, "मी देणारच नाही." तिचे उत्तर तिच्या दृष्टीने अगदी अचूक होते. पण थट्टा सोडून दिली तरी एक अडचण राहतेच. 'माझ्याकडे आठ गोट्या, तुझ्याकडे पाच. माझ्याकडे किती जास्त?' या प्रश्नात कोणी कोणाचे काही काढून घेतलेले नाही. कोणाचे काही गेलेले नाही. मग मुलाने इथे वजाबाकी का करावी? 'जास्त' हा शब्द ऐकून ते बेरीज करते आणि तेरा म्हणून सांगते. तसेच, 'अल्बममध्ये दहा चित्रे लागतात, सहा आहेत, आणखी किती हवीत?' इथे तर काही जाण्याऐवजी येणार आहे. उरले किती, जास्त किती, हवे किती, असे हे तीन निरनिराळे प्रसंग. मोठ्यांना सरावाने ते एकच वाटतात, मुलाला तसे ते वाटत नाहीत आणि वाटण्याचे काही कारणही नाही. बहुतेक घरांतून, आमच्याही घरातून, मुलाला फक्त पहिला भेटलेला असतो.

'जास्त किती' यासाठी सौ.ने पत्त्यांचा डाव बसवला. चित्रांची पाने काढून टाकायची. एक्का म्हणजे एक, आणि दहापर्यंतची पाने. दोघांनी एकेक पान उघडायचे, आणि ज्याचे पान मोठे त्याने जेवढा फरक असेल तेवढे चिंचोके ढिगातून उचलायचे. सुरुवातीला नातू अष्ट्याचे आठ आणि पंजाचे पाच चिंचोके दोन ओळींत समोरासमोर मांडी. ज्यांना जोडीदार नाही ते तीन उचली. दहाबारा दिवसांनी मांडणे आपोआप बंद झाले. पान पाहताच हात ढिगाकडे जाऊ लागला. आम्ही एकदा घड्याळ लावून वेग पाहू लागलो तेव्हा सूनबाईने घड्याळ उचलून नेले. ते बरे केले.

'हवे किती' याची शाळा पूर्वी बाजारात भरत असे. सत्तावीस रुपयांची वस्तू घेऊन पन्नासाची नोट दिली की जुना दुकानदार कधी पन्नासातून सत्तावीस वजा करीत नसे. तो एकेक नाणे आपल्या हातावर ठेवत जाई : 'अठ्ठावीस, एकोणतीस, तीस,' आणि वर दहाच्या दोन नोटा ठेवून, 'चाळीस, पन्नास.' हातात तेवीस रुपये आले, वजाबाकी झाली, आणि हातच्याचे नावही निघाले नाही. आमच्या वडिलांच्या पिढीने तर रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे असे हिशेब तोंडी केले. दशमान नाणी १९५७ साली आली. हल्ली सुटे पैसे देण्याघेण्याचा प्रसंगच सरत चालला आहे. २०१६ साली यूपीआय सुरू झाल्यापासून हळूहळू भाजीवाल्याच्या गाडीवरही चौकोनी चित्र लटकू लागले. सत्तावीस म्हणजे सत्तावीसच जातात, परत काही येतच नाही. सोय मोठी आहे, आम्हीही वापरतो. पण मुलाच्या डोळ्यांसमोरून मोड दिसेनाशी झाली. म्हणून घरात दुकान मांडले. जुन्या डब्यातली नाणी, कागदाच्या नोटा, दुकानदार नातू आणि गिऱ्हाईक आजी. आजी रोज पन्नासाची नोट घेऊन येई आणि मोड काही सोडत नसे.

याच दुकानात एकदा एक गंमत झाली. आजीने "एकोणतीस" म्हटले आणि दुकानदाराने कागदावर एकोणचाळीसचा आकडा लिहिला. 'तीस' ऐकले म्हणून त्याने आधी तीन लिहिले, आणि शेवटी नऊ असते एवढे त्याला ठाऊक होते. शाळेत तो 'ट्वेंटी नाइन' म्हणतो. वीस आणि नऊ. मराठीत मात्र आपण तीस उणे एक म्हणतो. 'ऊन' म्हणजे कमी. एक ऊन तीस, ते एकोणतीस. आम्ही जन्मभर हा शब्द उच्चारला, पण त्यात वजाबाकी बसलेली आहे हे सात वर्षांच्या मुलाला समजावताना प्रथमच मनापासून जाणवले. त्याला त्याचे फार कौतुक वाटले. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास, एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी, एकोणनव्वद, अशी माळ त्याने जिन्यावर म्हटली. प्रत्येक वेळी आधी दशकाची पायरी डोळ्यांसमोर आणून एक पायरी खाली उतरायचे. मग गल्लीतल्या मित्रांकडून गुजराती माळ गोळा करून आणली : ओगणीस, ओगणत्रीस, ओगणचालीस. तीही तशीच, फक्त एकोणनव्वदला गुजरातीत नेव्याशी म्हणतात, म्हणजे गुजराती तिथे वजाबाकी सोडून देते आणि मराठी आणखी एक पायरी टिकून राहते. नव्व्याण्णवला मात्र आपणही शरण जातो. 'एकोणशंभर का नाही?' या त्याच्या प्रश्नाला आम्ही उत्तर देऊ शकलो नाही.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' असे संख्यावाचन दिले गेले, तेव्हा महाराष्ट्रात मोठा गदारोळ झाला होता, हे वाचकांना आठवत असेल. जोडाक्षरांच्या आणि उलट्या क्रमाच्या संख्यानामांनी मुले अडखळतात हे त्यामागचे कारण खोटे नव्हते. आमच्या नातवाचे एकोणचाळीस त्याचीच साक्ष देतात. तरीही महाराष्ट्राबाहेरच्या घरांपुरते आमचे मत वेगळे आहे. आपल्या मुलांच्या शाळेतून मराठी संख्यानामे आधीच गेलेली आहेत. आजीच्या तोंडून 'एकोणसाठ' आणि 'पावणेआठ' ऐकू आले नाही तर ते त्यांना कुठेच ऐकू येणार नाही. ते सोपे करून द्यावे, उलगडून दाखवावे, पण घरातून उणे करू नये.

आता मूळच्या बावन्नाकडे. आइसक्रीमच्या लाकडी काड्या स्टेशनरीच्या दुकानात गठ्ठ्याने मिळतात. दहादहांच्या जुड्या बांधून रबर लावले. पाच जुड्या आणि दोन सुट्या काड्या नातवापुढे ठेवून सूनबाई म्हणाली, "मला सत्तावीस दे." त्याने दोन जुड्या लगेच दिल्या. मोठी रक्कम आधी द्यावी, असे त्याच्या मनात असावे. कागदावर आपण उजवीकडून सुरुवात करायला लावतो, हातात वस्तू असली की मूल डावीकडून निघते, आणि त्यात काही बिघडत नाही. आता सात द्यायच्या, जवळ सुट्या दोनच. तो थांबला. आम्हाला राहवेना, सौ.ने डोळ्यांनीच दटावले. बराच वेळ गेला. मग त्याने विचारले, "आई, जुडी सोडू?"

"तुझ्याच काड्या आहेत, तू ठरव."

त्याने रबर काढले. बारा सुट्या झाल्या, त्यांतून सात दिल्या, पाच राहिल्या. दोन जुड्या आणि पाच. "पंचवीस!" आणि थोड्या वेळाने, स्वतःशीच : "म्हणजे ती काट म्हणजे जुडी सोडणे होय!" बाईंच्या पाचावरच्या काटेचा अर्थ त्याला त्या दिवशी लागला. पस्तीस का चूक हेही त्यानेच दाखवले. दिलेल्या सत्तावीस काड्या पस्तिसांत परत मिसळल्या तर बासष्ट व्हायला हव्यात, आणि घरात तर बावन्नच होत्या. काड्यांचा हा खेळ पंधरा दिवस चालला. कागद त्यानंतर आला, आणि तोही आधी काड्यांशेजारी ठेवून.

आमच्या हातच्याचे काय झाले, असे कोणी विचारील. तो चुकीचा नव्हता, फक्त मुलाला तो मंत्रासारखा दिला गेला होता. पुढे एके दिवशी नातू आणि शेजारची मुलगी भिंतीला पाठ लावून उंची मोजत होते. नातू आठ बोटे उंच निघाला. मग दोघांना एकसारख्या पाटांवर उभे केले. दोघेही भिंतीवर वर सरकले, फरक मात्र आठ बोटेच राहिला. बावन्न आणि सत्तावीस यांनाही असेच पाट देता येतात. दोघांना तीन-तीन दिले तर पंचावन्न आणि तीस. उत्तर तोंडावरच येते. जुन्या शाळेची रीत दोघांना दहा-दहा देते. वरच्याला दहा सुट्या, खालच्याला एक जुडी. तोच तो हातचा एक. साठ वर्षे आम्ही तो वापरला आणि तो कुठून येतो हे पाटावर उभ्या राहिलेल्या दोन मुलांनी सांगितले. नातवाला मात्र तूर्त शाळेचीच रीत पुरे, असे ठरले आहे. एका वेळी एकच रीत, आणि ती शाळेची. आजोबांची हौस दोन वर्षे थांबू शकते.

इतके दिवस हे सगळे चालले असताना संक्रांत आली. बडोद्यात उत्तरायण म्हणजे काय ते बाहेरच्या वाचकांना सांगून कळायचे नाही. सारे शहर त्या दिवशी गच्चीवर असते. पतंग इथे पंजाने आणि कोडीने विकतात. पंजा म्हणजे पाच, कोडी म्हणजे वीस. नातवासाठी एक कोडी आणली होती. गच्चीवर चार पंजे मांडून त्याने सकाळीच हिशेब सुरू केला. दुपारपर्यंत अकरा कापले गेले. चार तुटून आलेले त्याने पकडले. दोन हाताळताना फाटले. संध्याकाळी दिवे लागायच्या वेळी तो खाली आला तो काळवंडलेल्या तोंडाने आणि कापलेल्या बोटांनी. आम्ही काही विचारले नाही. विचारायचे नाही असे घरात ठरलेलेच होते. पाणी पिऊन तो आपणच म्हणाला, "आजोबा, विसांतले अकरा गेले, नऊ उरले. चार आले, तेरा झाले. दोन फाटले, अकरा आहेत." आणि ग्लास खाली ठेवून, "कोडी पुरी व्हायला अजून नऊ हवेत."

दुसऱ्या दिवशी वासी उत्तरायण. नऊ सुटे मिळेनात, म्हणून दोन पंजे आणावे लागले. वरचा एक त्याने शेजारच्या मुलीला दिला.